हवेलीत खून, संशय सगळ्यांवर: ब्रिटिश ‘कंट्री हाऊस’ रहस्यपट म्हणजे नेमकं काय?

१९८० साली आलेल्या ‘द मिरर क्रॅक्ड’ या चित्रपटाची सुरुवात एका गमतीदार प्रसंगाने होते. इंग्लंडमधल्या एका खेड्यात सभागृहात पडदा लावून जुना कृष्णधवल रहस्यपट दाखवला जातोय. हवेलीच्या दिवाणखान्यात सगळे पाहुणे जमलेत, इन्स्पेक्टर प्रत्येकावर नजर फिरवतोय आणि आता तो खुन्याचं नाव घेणार, इतक्यात प्रोजेक्टर बंद पडतो. प्रेक्षक हळहळतात. मागे बसलेली एक वयस्कर बाई मात्र शांतपणे खुनी कोण ते सांगून टाकते. ती बाई म्हणजे मिस मार्पल.

या दोन मिनिटांत एका अख्ख्या चित्रपट प्रकाराची ओळख होते. मोठी हवेली, बंद दरवाजे, मोजके पाहुणे, एक खून आणि शेवटी दिवाणखान्यात होणारा उलगडा. प्रेक्षकांना हा साचा इतका पाठ झालेला असतो की त्याची थट्टा केलेलीही लगेच कळते.

पण हा साचा आला कुठून? खून नेहमी हवेलीतच का होतो? बटलरवर सगळ्यांचा संशय का असतो? आणि शंभर वर्षं उलटून गेल्यावरही असे चित्रपट का बनतात? जाणून घेऊया. (काळजी नको, या लेखात कोणत्याही चित्रपटातला खुनी कोण ते सांगितलेलं नाही.)

‘कंट्री हाऊस’ म्हणजे काय?

‘कंट्री हाऊस’चा शब्दशः अर्थ गावाकडचं घर. पण हे साधं घर नव्हे. इंग्लंडमधले उमराव आणि बडे जमीनदार आपल्या जमिनींच्या मधोमध बांधायचे ती ही प्रचंड हवेली. आजूबाजूला बागा, तळं, शिकारीचं रान, कुळांची शेतं आणि जवळच एखादं खेडं. आतमध्ये ग्रंथालय, बिलियर्ड्सची खोली, दिवाणखाना, डझनावारी शयनगृहं.

अशा घरात दोन वेगळी जगं राहत. वरच्या मजल्यावर मालक आणि त्यांचे पाहुणे. तळघरात किंवा मागच्या भागात बटलर, हाऊसकीपर, स्वयंपाकीण, मोलकरणी, चाकर. दोन्हींच्या मध्ये एक दार असे. पलीकडचा आवाज आणि स्वयंपाकाचा वास इकडे येऊ नये म्हणून त्यावर हिरवी बनात ठोकलेली असायची. नोकरांसाठी जिनाही वेगळा. खोलीतली दोरी ओढली की खाली घंटा वाजे आणि कुठल्या खोलीतून बोलावणं आलंय ते फळ्यावर कळे.

शनिवार-रविवारच्या सुट्टीला या हवेल्यांमध्ये पाहुणे जमत. त्याला ‘हाऊस पार्टी’ म्हणत. पाहुणे एकटे येत नसत, सोबत आपापले नोकर आणत. दिवसा शिकार, संध्याकाळी कपडे बदलून जेवण, मग पत्ते आणि पियानो. म्हणजे दोन-तीन दिवस एकाच छपराखाली पंचवीस-तीस माणसं. त्यातली बरीचशी एकमेकांची नातेवाईक आणि त्यातल्या अनेकांची नजर एकाच म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावर!

खुनासाठी हवेलीच का लागते?

याची तीन सरळ कारणं आहेत.

पहिलं, संशयितांची यादी ठरलेली असते. शहरात खून झाला तर खुनी कोणीही असू शकतो. हवेलीभोवती बर्फ पडलंय, पूल वाहून गेलाय किंवा टेलिफोनची तार कापलीय, असं दाखवलं की बाहेरचा माणूस यादीतून बाद होतो. खुनी घरातल्याच कोणापैकी आहे, हे प्रेक्षकाला कळतं आणि खेळ सुरू होतो.

दुसरं, खुनाला कारण तयार असतं. इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांत हवेली आणि जमीन सहसा थोरल्या मुलाकडे जात असे. धाकटे मुलगे, मुली, जावई, पुतणे यांना जे काही मिळायचं ते मालकाच्या मर्जीवर. त्यामुळे या कथांमध्ये मृत्युपत्र बदलण्याच्या आदल्या रात्री मालक मरतो, त्यात नवल नाही.

तिसरं, घराचा नकाशाच कोडं बनतो. कोण कुठल्या खोलीत होतं, कोणत्या जिन्याने गेलं, दार आतून बंद होतं का, जेवणाची घंटा किती वाजता झाली, या सगळ्याचा हिशेब लावता येतो. ‘क्लूडो’ हा बैठा खेळ याच हिशेबावर उभा आहे. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो तयार केला आणि १९४९ मध्ये तो बाजारात आला. नऊ खोल्या, सहा हत्यारं, सहा संशयित. या सहांमध्ये नोकरवर्गातली एकच होती, स्वयंपाकीण मिसेस व्हाइट.

याची सुरुवात एका खऱ्या खुनातून झाली?

बऱ्याच अंशी, हो. जून १८६० च्या अखेरीस इंग्लंडमधल्या रोड या गावातल्या ‘रोड हिल हाऊस’मधून सॅव्हिल केंट हा तीन वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला. सकाळी त्याचा मृतदेह घराच्या आवारातल्या नोकरांच्या शौचकूपात सापडला. गळा चिरलेला होता. रात्री घर नेहमीप्रमाणे आतून बंद केलेलं होतं. म्हणजे खुनी घरातलाच होता.

पहिला संशय कोणावर गेला? मुलाला सांभाळणाऱ्या दाईवर. तिला अटकही झाली. मग लंडनहून स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर आले. त्यांनी मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीकडे, कॉन्स्टन्सकडे बोट दाखवलं. त्यांच्या मते तिचा हरवलेला एक रात्रपोशाख हा महत्त्वाचा दुवा होता. पण ठोस पुरावा मिळाला नाही आणि कॉन्स्टन्स सुटली.

त्यानंतर टीका झाली ती व्हिचर यांच्यावर. ते माळ्याचे पुत्र होते. अशा माणसाने सभ्य घराच्या खासगी खोल्यांमध्ये शिरावं, तिथल्या मुलीच्या कपड्यांची चौकशी करावी आणि तिच्यावर खुनाचा आरोप करावा, हे अनेकांना सहन झालं नाही. त्यांच्या कारकिर्दीला उतरती कळा लागली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः गुन्हा कबूल केला. तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि वीस वर्षांनी ती सुटली.

या प्रकरणाचा ठसा विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीवर स्पष्ट दिसतो. तीही हवेलीतली गोष्ट, त्यातही एक कपडा महत्त्वाचा ठरतो आणि तिथेही बाहेरून आलेला पोलीस अधिकारी आहे. गुन्हा मात्र चोरीचा. चोरीला गेलेला हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत इंग्रज अधिकाऱ्याने लुटून आणलेला असतो. म्हणजे इंग्रजी हवेलीतल्या रहस्यकथेच्या मुळाशीच हिंदुस्थानातली लूट आहे. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. ब्रिटनमधल्या अनेक जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या ताब्यातल्या ९३ ठिकाणांचे गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी असलेले संबंध नोंदवले होते.

नियम कोणी ठरवले? आणि नोकराला सूट का?

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांना इंग्रजी रहस्यकथांचा सुवर्णकाळ म्हणतात. अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ १९२० मध्ये आली. तिचं घटनास्थळ हवेलीच आणि गुप्तहेर हर्क्युल पॉयरो हा बेल्जियममधून आलेला निर्वासित. ख्रिस्ती यांच्या बहिणीचं सासर चेशायरमधल्या ‘ॲबनी हॉल’ या हवेलीत होतं. तिथे त्यांचं येणंजाणं असल्यामुळे हे जग त्यांनी जवळून पाहिलं होतं.

याच काळात रहस्यकथेचे नियमही लिहिले गेले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ मध्ये दहा नियम मांडले. एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नकोत, गुप्तहेराने स्वतः खून करायचा नाही, वाचकापासून पुरावे लपवायचे नाहीत, वगैरे.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी वीस नियम दिले होते. त्यातला एक आज वाचला की थबकायला होतं. नोकराला गुन्हेगार ठरवायचं नाही, असा तो नियम. कारण काय, तर ती सोपी पळवाट झाली. गुन्हेगार तोलामोलाचा हवा!

म्हणजे ‘खून बटलरनेच केला’ हा विनोद जगभर चालत असला, तरी जुन्या नियमांनुसार बटलर खुनी असणं कमीपणाचं मानलं जायचं. खऱ्या आयुष्यात पहिला संशय दाईवर जात होता आणि कथेत नोकर संशय घेण्याच्याही लायकीचा नव्हता. दोन्हींमागचा विचार एकच, नोकर म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. तो चहा आणतो, दार उघडतो, कोट घेतो आणि निघून जातो. त्याचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. ख्रिस्ती यांनी आपल्या काही कथांमध्ये नेमका याच आंधळेपणाचा फायदा उठवला.

हवेलीतल्या रहस्यपटांचा इतिहास पाहिला तर हा नोकर हळूहळू पडद्याच्या कडेवरून मध्यभागी येताना दिसतो.

सुरुवातीचे चित्रपट: धुकं, मेणबत्ती आणि संशयास्पद बटलर

बोलपट आल्यानंतर १९३० च्या दशकात असे चित्रपट भराभर निघाले. बरेचसे रंगभूमीवरच्या नाटकांवरून घेतलेले. गंमत म्हणजे इंग्रजी हवेलीतल्या अनेक गोष्टी हॉलिवूडच्या स्टुडिओत चित्रित झाल्या. ‘चार्ली चॅन इन लंडन’ (१९३४) असो की बॅसिल रॅथबोनचा शेरलॉक होम्स असलेला ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९३९), धुकं इंग्लंडचं, पण कॅमेरा कॅलिफोर्नियात. यातल्या बटलरचं काम ठरलेलं. रात्री मेणबत्ती घेऊन फिरायचं आणि प्रेक्षकाला चकवायचं.

१९४५ चा ‘अँड देन देअर वेअर नन’ या सगळ्यांहून वेगळा ठरला. ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट युद्धकाळात अमेरिकेत आश्रयाला आलेले फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेअर यांनी केला. बेटावरची एकाकी हवेली, दहा माणसं, आणि ग्रामोफोनवरचा आवाज प्रत्येकावर जुन्या खुनाचा आरोप ठेवतो. या दहांमध्ये न्यायाधीश, डॉक्टर, जनरल आहेत आणि घरातलं नोकर जोडपंही आहे. आरोपांच्या यादीत इथे मालक आणि नोकर एकाच पंगतीला बसतात. चित्रपटाचा शेवट मात्र कादंबरीचा नाही. ख्रिस्ती यांनी रंगभूमीसाठी बदललेला शेवट चित्रपटाने घेतला.

याच कथेच्या धर्तीवर १९६५ मध्ये हिंदीत ‘गुमनाम’ आला. दिग्दर्शक होते राजा नवाथे. विमानातून उतरलेले काही प्रवासी निर्जन जागी अडकतात आणि एका हवेलीत आश्रय घेतात. मनोज कुमार, मास्टर विनायकांची कन्या नंदा, हेलन, प्राण, धुमाळ अशी फौज आणि हवेलीचा विचित्र बटलर मेहमूद. त्यातलं मोहम्मद रफींनी गायलेलं क्लबमधलं गाणं पुढे २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटात वापरलं गेलं आणि परदेशातही गाजलं. बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ (१९७३) हाही ख्रिस्ती यांच्याच ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावर आधारलेला. धुक्याची रात्र, आडबाजूचं घर आणि चाकाच्या खुर्चीतला मृतदेह.

युद्धानंतर हवेल्यांचं काय झालं?

पडद्यावर हवेल्या दिमाखात उभ्या होत्या तेव्हा प्रत्यक्षात त्या पडत होत्या. १८९४ मध्ये ब्रिटनमध्ये वारसा कराची नवी पद्धत आली. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या इस्टेटींवर हा कर ४० टक्क्यांपर्यंत गेला, दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी चढला. युद्धात अनेक घराण्यांचे वारस मारले गेले. एकाच घरावर काही वर्षांत दोनदा कर भरायची वेळ आली.

नोकरही मिळेनासे झाले. १९३१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत आणि कार्यालयांत काम मिळाल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी परतल्या नाहीत. नोकरांशिवाय शंभर खोल्यांचं घर चालवणार कोण?

याच संक्रमणाचं चित्र ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) मध्ये दिसतं. हवेली तीच, पण आता ती युद्धकाळातलं रुग्णालय झाली आहे. वरून उडते बॉम्ब येतायत, शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक पोस्टमन मरतो आणि संशयित आहेत डॉक्टर आणि परिचारिका. ॲलिस्टर सिम यांनी रंगवलेला आगाऊ इन्स्पेक्टर आजही हसवतो. या प्रकारातल्या सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटांत त्याची गणना होते.

१९५२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं ख्रिस्ती यांचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटकही याच बदललेल्या काळातलं. तिथे हवेलीचं अतिथिगृह झालंय आणि तरुण मालक-मालकीण स्वतःच स्वयंपाक करतात, कोळसा भरतात. कथेमागे एक खरी घटना होती. दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेल्या डेनिस ओनील या मुलाचा १९४५ मध्ये छळाने मृत्यू झाला होता. नाटक चालू असेपर्यंत त्यावर ब्रिटनमध्ये चित्रपट करायचा नाही, अशी करारात अट होती. नाटक थांबेचना. फक्त कोविडमध्ये त्यात खंड पडला. शेवटी २०२२ मध्ये ‘सी हाऊ दे रन’ हा चित्रपट आला तो नाटकावर नाही, तर ते नाटक चालू असताना होणाऱ्या खुनावर!

मिस मार्पल मोलकरीण होते तेव्हा

१९६१ च्या ‘मर्डर शी सेड’मध्ये मिस मार्पलच्या भूमिकेत मार्गारेट रदरफोर्ड होत्या. शेजारून जाणाऱ्या रेल्वेगाडीत खून होताना ती पाहते. पोलीस विश्वास ठेवत नाहीत. मग संशय असलेल्या हवेलीत शिरायचं कसं? ती तिथे घरकामाची नोकरी धरते.

मूळ कादंबरीत हे काम दुसरीच एक तरुण बाई करते. चित्रपटाने ते थेट गुप्तहेरावर सोपवलं आणि त्यातून एक साधी गोष्ट ठसठशीत झाली. घरातली सगळी गुपितं कळायची असतील तर हातात ट्रे हवा. ख्रिस्ती यांना हे चित्रपट फारसे रुचले नव्हते, पण रदरफोर्ड यांच्याबद्दल आदर होता. ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ ही कादंबरी त्यांनी रदरफोर्ड यांनाच अर्पण केली. आणखी एक योगायोग, ‘मर्डर शी सेड’मध्ये जोन हिक्सन यांनीही एक छोटी भूमिका केली होती. पुढे १९८४ पासून त्याच बीबीसीवरच्या मिस मार्पल झाल्या.

१९७२ चा ‘स्ल्यूथ’ यापुढे जातो. इथे सगळा डाव दोघांचा. एक श्रीमंत, खानदानी रहस्यकथा लेखक (लॉरेन्स ऑलिव्हिए) आणि दुसरा इटालियन स्थलांतरिताचा मुलगा, पेशाने केशभूषाकार (मायकल केन). लेखक त्याला हवेलीवर बोलावतो आणि एक ‘खेळ’ सुचवतो. जुन्या रहस्यकथांमधला वर्गाचा माज इथे उघडपणे मांडलाय. या चित्रपटासाठी दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

तारे-तारकांची गर्दी आणि मुंबईचं नातं

अशा चित्रपटांची एक मोठी अडचण आल्फ्रेड हिचकॉक यांनी सांगितली होती. ‘खुनी कोण’ या प्रकारात सगळी उत्सुकता शेवटच्या पाच मिनिटांत साठते, मधल्या वेळात प्रेक्षक नुसता कोडं सोडवत बसतो, भावना कमी पडते. म्हणून ते या वाटेला फारसे गेले नाहीत. त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण असते. छोट्या भूमिकेत मोठा नट दिसला की प्रेक्षक ओळखतो, हाच खुनी!

१९७४ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ने यावर उपाय काढला. सगळेच मोठे नट घ्यायचे. अल्बर्ट फिनी, लॉरेन बकॉल, शॉन कॉनरी, इन्ग्रिड बर्गमन, जॉन गिलगुड, व्हेनेसा रेडग्रेव्ह. इथे हवेली नाही, पण बर्फात अडकलेली रेल्वे म्हणजे चाकांवरची हवेलीच. चित्रपट तुफान चालला आणि बर्गमन यांना ऑस्कर मिळालं.

त्याच निर्मात्यांनी पुढे ‘डेथ ऑन द नाइल’, ‘द मिरर क्रॅक्ड’ आणि ‘ईव्हिल अंडर द सन’ हे चित्रपट काढले. त्यातले एक निर्माते म्हणजे जॉन ब्रेबर्न. मुंबईकरांना हे आडनाव चांगलं ओळखीचं आहे. त्यांचे वडील लॉर्ड ब्रेबर्न १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि चर्चगेटजवळच्या ब्रेबर्न स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. जॉन हे लॉर्ड माउंटबॅटन यांचे जावई. पडद्यावर ज्या उमराव वर्गाच्या गोष्टी रंगत होत्या, त्याच वर्गातला माणूस त्यांचा निर्माता होता.

१९७४ मध्येच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक प्रदर्शन भरलं. विषय होता, पाडल्या गेलेल्या हवेल्या. शंभर वर्षांत एक हजाराहून अधिक हवेल्या जमीनदोस्त झाल्याचं लोकांना तिथे कळलं आणि उरलेल्या वाचवण्याची चळवळ जोर धरू लागली. या हवेल्यांबद्दलची हुरहुर आणि हे झगमगते रहस्यपट एकाच सुमारास लोकप्रिय झाले. त्यामुळे त्या काळच्या चित्रपटांत चांदीची भांडी, मोटारी आणि कपडे भरपूर दिसतात, पण ती भांडी घासणारे हात क्वचितच.

‘गॉसफर्ड पार्क’ वेगळा का मानतात?

ते हात २००१ मध्ये पडद्यावर आले. अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘गॉसफर्ड पार्क’ची कथा नोव्हेंबर १९३२ मधली. शिकारीसाठी जमलेले पाहुणे, सगळ्यांना नकोसा झालेला श्रीमंत मालक आणि खून. मांडणी नेहमीचीच. पण चित्रपटाने स्वतःला एक नियम घालून घेतला. नोकर हजर असल्याशिवाय मालक लोकांचं एकही दृश्य दाखवायचं नाही. वरच्या मजल्यावर काय घडतं ते प्रेक्षकाला तेवढंच कळतं, जेवढं नोकराच्या कानावर पडतं.

त्यामुळे बारीकसारीक गोष्टी समोर येतात. पाहुण्यांसोबत आलेल्या नोकरांना खाली त्यांच्या नावाने नव्हे, तर मालकाच्या नावाने हाक मारतात. नोकरांच्या जेवणाच्या टेबलावरची जागाही मालकाच्या मानावरून ठरते. चित्रीकरणाच्या वेळी पूर्वी खरोखर अशा घरांत काम केलेले निवृत्त बटलर, स्वयंपाकीण आणि मोलकरीण सल्लागार म्हणून हजर होते.

एक प्रसंग विशेष लक्षात राहतो. त्या काळचा खराखुरा सिनेस्टार आणि संगीतकार आयव्हर नोव्हेलो इथे पाहुणा आहे. तो पियानोवर गातो तेव्हा दिवाणखान्यातली बडी मंडळी कंटाळतात, पत्ते खेळतात. दाराआड, जिन्यात, अंधारात मात्र नोकर जिवाचे कान करून ऐकत उभे असतात.

आणि तपास? स्टीफन फ्राय यांचा इन्स्पेक्टर ऐटीत येतो, पुराव्यांवर हात फिरवतो आणि नोकरांची चौकशी करायचीच गरज नाही असं ठरवतो. मृताशी ‘खरा’ संबंध असलेली माणसंच त्याला हवी असतात. व्हॅन डाइनचा नियम त्याने तोंडपाठ केलाय जणू! सत्याचा धागा लागतो तो एका तरुण मोलकरणीला. तिची बाई तिच्याकडून गावगप्पा काढून घेते, पण तिला स्वतःचं मत असेल असं कोणालाच वाटत नाही. खुनामागचं कारण कळतं तेव्हा ते मृत्युपत्रापेक्षा कितीतरी जुनं आणि दुखरं निघतं.

या चित्रपटासाठी ज्युलियन फेलोज यांना पटकथेचं ऑस्कर मिळालं. पुढे जगभर गाजलेली ‘डाउनटन ॲबी’ ही त्यांची मालिका सुरुवातीला ‘गॉसफर्ड पार्क’च्याच धाग्यातून सुचली होती. मालिकेत मात्र मालक-नोकर नातं बरंच मायाळू झालं.

आता हे चित्रपट कुठे आहेत?

हवेलीने आता देश बदललाय. रायन जॉन्सन यांचा ‘नाइव्ह्ज आउट’ (२०१९) अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये घडतो. म्हातारा रहस्यकथा लेखक मरतो, वारस भांडतात. मध्यभागी आहे ती त्याची परिचारिका मार्ता, एका स्थलांतरित बाईची मुलगी. घरातले सगळे तिला ‘आपल्या घरातलीच’ म्हणतात, पण ती मूळची कुठल्या देशाची, हे प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुटुंबाचा गोडवा किती खरा, हे मृत्युपत्र वाचल्यावर कळतं. भारतातही हा प्रवाह आटलेला नाही. विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये ख्रिस्ती यांच्या ‘द सिटाफर्ड मिस्टरी’वरून हिमाचलच्या बर्फात घडणारी ‘चार्ली चोप्रा’ ही मालिका केली.

कुठून सुरुवात करावी?

या प्रकारातलं काहीच पाहिलेलं नसेल तर हा क्रम सोयीचा पडेल:

• अँड देन देअर वेअर नन (१९४५): मूळ साचा समजून घेण्यासाठी. मग ‘गुमनाम’ पाहिल्यास आणखी मजा.

• ग्रीन फॉर डेंजर (१९४६): कोडंही उत्तम आणि विनोदही.

• मर्डर शी सेड (१९६१): हलकाफुलका, घरातल्या सगळ्यांसोबत पाहण्यासारखा.

• स्ल्यूथ (१९७२): दोन नटांची जुगलबंदी. याबद्दल आधी काहीही वाचू नये.

• गॉसफर्ड पार्क (२००१): पात्रं खूप असल्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो. दुसऱ्यांदा पाहताना खरा उलगडतो.

• नाइव्ह्ज आउट (२०१९): वरचे पाहून झाल्यावर यातल्या अनेक खोड्या नव्याने लक्षात येतात.

यातला कोणताही चित्रपट पाहताना एक प्रयोग करता येईल. दिवाणखान्यात बडी मंडळी बोलत असताना चहाचा ट्रे घेऊन कोण आलं आणि ते नेमकं कोणत्या वाक्याला खोलीत होतं, एवढं लक्षात ठेवायचं. खुनी दरवेळी सापडेलच असं नाही, पण त्या घरातलं बरंच काही आधी कळेल.